अण्णांच्या डब्यातली तिसरी गोळी

वाचक विचारतात :

डॉक्टर, माझ्या वडिलांना (आम्ही अण्णा म्हणतो) दीड महिन्यापूर्वी हार्ट ॲटॅक आला. वय ७१. हातातून अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट टाकला. ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर चालू आहे. हल्ली हातावर कुठेही निळे-काळे डाग उठतात, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. गेल्या आठवड्यात दोनदा शौचाला अगदी डांबरासारखं काळं झालं. शेजारचे काका म्हणतात, 'रक्त फार पातळ झालंय, एक गोळी बंद करा, मी तर सहा महिन्यांत सोडली.' अण्णांनी घाबरून दोन दिवस दोन्ही घेतल्या नाहीत. कोणती गोळी बंद करू? त्यांची एक दाढही काढायची आहे.

दुसरं म्हणजे, माझ्या मावशीची अँजिओग्राफी पुढच्या महिन्यात आहे. ती ६८ वर्षांची, वजन जेमतेम ४२ किलो, हृदयाच्या झडपेच्या जुन्या आजारासाठी ॲसिनोकुमरॉल (रक्ताच्या गाठी रोखणारी गोळी) घेते. तिची मांडीतून करणार म्हणे. मांडीतून केलं की रक्त जास्त जातं हे खरं का?

— एक वाचक, सातारा जिल्हा

ताई,

तुमचं पत्र सदरासाठी आलं होतं, पण 'डांबरासारखं काळं' हे शब्द वाचले आणि सदर बाजूला ठेवून आधी फोन उचलला. त्या दिवशी तुम्हाला दोनच गोष्टी सांगितल्या. अण्णांना आजच्या आज दवाखान्यात न्या, आणि निघण्यापूर्वी त्यांचा गोळ्यांचा डबा टेबलावर उलटा करून प्रत्येक पट्टीवरचं नाव मला वाचून दाखवा. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच, पण असे डबे घरोघरी आहेत म्हणून तुमच्या परवानगीने इथे लिहितोय.

डब्यातून निघालं ते असं : ॲस्पिरिन ७५, टिकाग्रेलॉर ९०, कोलेस्टेरॉलची, बीपीची. मग तुम्ही आणखी एक पट्टी उचललीत आणि म्हणालात, 'ही हृदयाची नाही, गुडघ्याची आहे. मेडिकलमधून आणलीय.' नाव वाचायला लावलं तर डायक्लोफेनॅक, म्हणजे जठराला इजा करू शकणारी वेदनाशामक गोळी. सकाळ-संध्याकाळ, तीन आठवडे. पोटाची गोळी कुठाय, पँटोप्राझॉल, असं विचारल्यावर उत्तर आलं, 'ती पट्टी संपली तेव्हा अण्णा म्हणाले, मला कुठे ॲसिडिटी होते? कशाला पैसे घालवायचे?'

तिथेच निम्मं निदान झालं. हिमोग्लोबिन दवाखान्यातून सुटताना १२.८ होतं, ते आता ९.६ आलं. दुर्बिणीतून तपासल्यावर जठरात छोटा अल्सर दिसला, रक्त तोवर थांबलेलं होतं. तुमच्या हृदयविकारतज्ज्ञांनी डायक्लोफेनॅक बंद केलं, पँटोप्राझॉल पुन्हा सुरू केलं, टिकाग्रेलॉरच्या जागी त्याहून सौम्य क्लोपिडोग्रेल दिलं आणि ॲस्पिरिन चालू ठेवलं. निर्णय त्यांचा होता, मीही तोच घेतला असता. म्हणजे 'कोणती गोळी बंद करू' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर डब्यातच होतं. बंद करायची गोळी होती, पण ती चिठ्ठीवर नसलेली.

आता काकांच्या 'रक्त पातळ झालंय'बद्दल. हा शब्द आम्ही डॉक्टरांनीच रुळवला आणि आता निस्तरतोय. वरणात पाणी घातलं की ते पातळ होतं, तसं रक्ताचं काही होत नाही. डेंग्यूमुळे घराघरात ठाऊक झालेल्या प्लेटलेट्स असतात ना, त्या एकमेकींना चिकटून गाठ धरतात. या गोळ्या त्यांचा चिकटपणा मारतात, एवढंच. प्लेटलेट्सची संख्या तीच, रक्ताचा दाटपणा तोच. ॲस्पिरिन प्लेटलेटला कायमचं निकामी करतं. तिचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं असतं, म्हणून गोळी बंद केल्यावर तिचा परिणाम रोज थोडा थोडा, नव्या प्लेटलेट्स येतील तसा उतरतो. टिकाग्रेलॉरची पकड मात्र सुटणारी असते. म्हणून ते दिवसातून दोनदा घ्यावं लागतं, आणि म्हणूनच दोन दिवस चुकवणं त्या गोळीच्या बाबतीत जास्त महागात पडू शकतं.

महागात म्हणजे काय ते सांगतो. स्टेंट ही धातूची बारीक जाळी. रक्ताच्या दृष्टीने ती परकी वस्तू, आणि परकी वस्तू दिसली की प्लेटलेट्स धावून जातात. हळूहळू रक्तवाहिनीचं आतलं अस्तर त्या जाळीवर चढतं आणि ती झाकली जाते, पण त्याला आठवडे, महिने लागतात. तोवर जाळी उघडी असते. त्या काळात गोळ्या सुटल्या तर स्टेंटमध्येच गाठ बसू शकते, आणि मग होणारा ॲटॅक पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. धोका पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त. अण्णांचा सहावा आठवडा चालू होता. दोन दिवस निभावले, याला मी नशीबच म्हणेन.

काकांना मी खोटं ठरवत नाही. त्यांचं कदाचित बरोबरच असेल, त्यांच्यापुरतं. ॲटॅक न येता, चालताना छाती भरून येते म्हणून ठरवून स्टेंट टाकला असेल तर दोन गोळ्या साधारण ६ महिने देतात. ॲटॅकनंतर टाकला तर साधारण १२ महिने. ज्यांना रक्तस्रावाचा धोका मुळातच जास्त आहे त्यांच्यासाठी हा काळ मुद्दाम कमी करतात, एक ते तीन महिन्यांवरही आणतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या 'मास्टर डॅप्ट' या अभ्यासात अशाच रुग्णांना महिनाभरानंतर एका गोळीवर आणलं. ॲटॅक वाढले नाहीत, रक्तस्राव कमी झाला. तेव्हा मुदत माणसागणिक वेगळी असते. तुमच्या फाइलवर दुसरी गोळी बंद करण्याची तारीख लिहून घ्या. 'चालू ठेवा' एवढ्यावर उठू नका. अण्णांच्या पोटात रक्तस्राव झालाय, त्यामुळे त्यांची तारीख आता अलीकडे येऊ शकते. पुढच्या भेटीत हे स्पष्ट विचारा. एक गोळी मात्र बहुतेकांना कायमची असते.

अण्णांच्या हातावरचे डाग आणि हिरड्या यांना घाबरू नका. सत्तरीत हाताची कातडी कागदासारखी होते, दाराची कडी लागली तरी डाग उठतो. मऊ ब्रश वापरा, दाढीला ब्लेडऐवजी ट्रिमर घ्या. हिरड्यांतून रक्त येतं ते बऱ्याचदा दातांवर साठलेल्या किटणामुळे, गोळीमुळे ते नुसतं दिसायला लागतं. घाबरायचं ते कशाला? शौचाला काळं, चिकट, घाण वासाचं झालं तर. लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते. उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं पडलं, लघवी लाल झाली, उभं राहताना चक्कर येऊन घाम फुटला, किंवा एकाएकी कपाळ फुटेल असं डोकं दुखून उलटी झाली, तोंड वाकडं झालं, तर सदराला पत्र लिहीत बसू नका. थेट दवाखाना. आणि निघताना गोळ्यांचा डबा पिशवीत टाका.

गुडघ्यांचं काय करायचं, हा अण्णांचा खरा प्रश्न आहे, आणि तो कोणी मनावर घेतला नाही म्हणून ते मेडिकलमध्ये गेले. पॅरासिटामॉल चालतं, मात्रा डॉक्टरांना विचारून. खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरण्याचा व्यायाम दिवसातून दोन-तीनदा, शेक, आणि शक्य झालं तर फिजिओथेरपिस्टकडे चार फेऱ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन या कुळातलं पोटात काही जाता कामा नये. ही औषधं दुसऱ्या नावानेही येतात. अंगदुखीच्या, सर्दीच्या, पाळीच्या दुखण्याच्या गोळीत ती मिसळलेली असतात. बाजारात सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांचा तर मला फार राग आहे. 'शुद्ध जडीबुटी' म्हणून विकलेल्या पुडीत स्टेरॉइड निघाल्याचं आम्हा डॉक्टरांना नवं नाही. भाजीतली हळद, फोडणीतला लसूण यांना हात लावू नका, ते स्वयंपाकात असू द्या. हळदीच्या कॅप्सूल आणि अनशापोटी मूठभर कच्चा लसूण मात्र नको.

पँटोप्राझॉल 'ॲसिडिटीची गोळी' म्हणून बदनाम आहे. इथे ती ॲसिडिटीसाठी दिलेलीच नव्हती. ॲस्पिरिन जठराचं अस्तर उघडं पाडतं, दुसरी गोळी तिथलं रक्त थांबू देत नाही, आणि पँटोप्राझॉल जठरातलं आम्ल कमी करून त्या अस्तराला जपतं. छातीत जळजळ असो वा नसो, दोन गोळ्या आहेत तोवर ती घ्यायची. आता अण्णा क्लोपिडोग्रेलवर आहेत म्हणून एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट : मेडिकलवाल्याने पँटोप्राझॉल नाही म्हणून ओमेप्राझॉल किंवा इसोमेप्राझॉल हातात ठेवलं तर परत करा. ती क्लोपिडोग्रेलचं काम कमी करतात. अल्सरमागे हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू असतो का याची तपासणी झाली नसेल तर तीही विचारून करून घ्या. जंतू निघाला तर अँटिबायोटिकच्या कोर्सने जातो. बीपीही आटोक्यात ठेवा. या गोळ्यांवर असताना मेंदूत रक्तस्राव होऊ नये यासाठी घरबसल्या करण्यासारखं सगळ्यात मोठं काम तेच.

दाढेची घाई नसेल तर अल्सर भरेपर्यंत थांबा. नंतरही एका दाढेसाठी गोळ्या बंद करायची सहसा गरज पडत नाही. दंतवैद्यांना आधी सांगा, सकाळची वेळ घ्या म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. एका वेळी एकच दात, वर टाका, आणि गॉझचा बोळा अर्धा तास घट्ट चावून धरायचा. दर पाच मिनिटांनी काढून बघायचं नाही. दंतवैद्य 'गोळ्या पाच दिवस बंद करून या' म्हणाले तर हृदयविकारतज्ज्ञांना फोन केल्याशिवाय ऐकू नका.

आता मावशी.

होय, मांडीतून केलं की रक्तस्रावाचा धोका मनगटापेक्षा जास्त. कारण साधं आहे. आपल्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला नाडी लागते ना, ती धमनी हाडावर टेकलेली असते. बोटाने दाबली की बंद. मांडीची धमनी जाड आणि खोल. ती नीट दाबली गेली नाही तर रक्त बाहेर दिसेलच असं नाही, ते मागे पोटाच्या पोकळीकडे झिरपत राहतं, आणि चादर कोरडी असताना पेशंट पांढरा पडतो. मॉन्ट्रियलच्या ल्युसियाँ काम्पो यांनी १९८९ मध्ये मनगटातून अँजिओग्राफी केल्याचं प्रसिद्ध केलं, आणि १९९२ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये फर्डिनांड कीमेनाय यांनी तिथूनच अँजिओप्लास्टी केली. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली, धमनी फार बारीक म्हणून. २०१५ साली 'मॅट्रिक्स' अभ्यासात ८,४०४ रुग्णांची तुलना झाली. मनगटातून केलेल्यांत रक्तस्रावही कमी आणि मृत्यूही कमी. त्यानंतर वाद फारसा उरला नाही.

पण 'मांडीतून म्हणजे डॉक्टर जुनाट' असा निष्कर्षही काढू नका. बारीक चणीच्या बायकांची मनगटातली धमनी खरोखर सुतासारखी असते. कुणाची वळणं घेत वर जाते, कुणाचं बायपास झालेलं असतं, कुणाला पुढे डायलिसिस लागणार म्हणून हात राखून ठेवायचा असतो. मावशींचं वजन ४२ किलो आहे, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांकडे कारण असेलही. तुम्ही फक्त विचारा, 'हातातून जमेल का?' याचं उत्तर द्यायला चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

वजनावरून आठवलं. ते सांगताना अंदाज नको, त्याच आठवड्यात काट्यावर उभं करा. अँजिओग्राफीच्या वेळी दिलं जाणारं हेपॅरिन, म्हणजे रक्ताची गाठ होऊ न देणारं इंजेक्शन, किलोच्या हिशोबाने देतात. ४२ ऐवजी कुणी ५५ लिहिलं तर मात्रा त्या प्रमाणात चढते, आणि त्या जास्तीच्या डोसामुळे कुठून तरी रक्त जायला लागतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स आधी बघून घ्या. हिमोग्लोबिन ११ च्या खाली, प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली, वय ७५ च्या वर, मूत्रपिंड थकलेलं, आणि मावशींसारखी कायमची ॲसिनोकुमरॉल, या गोष्टी असल्या की आम्ही तो पेशंट 'रक्तस्रावाचा धोका जास्त' या खात्यात टाकतो आणि पुढचं सगळं त्यावर ठरवतो. बायका, त्यातून बारीक आणि वयस्क, यांना हा धोका पुरुषांपेक्षा जास्त असतो, आणि त्या सांगतही नाहीत. मूळव्याधीतून वर्षानुवर्षं रक्त जात असतं आणि फाइलवर त्याचा पत्ता नसतो. मावशींना एकांतात विचारा.

ॲसिनोकुमरॉल कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे त्यांच्या झडपेच्या आजारावर ठरतं. झडप धातूची बसवलेली असेल तर ती मनाने एक दिवसही बंद करायची नाही, झडपच गाठीने अडकू शकते. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी तपासणी; तो किती चालेल हे हात की मांडी यावरही बदलतं. आठवडाभर आधी आयएनआर करून रिपोर्ट डॉक्टरांना पाठवा. स्टेंट टाकावा लागला, तर ॲसिनोकुमरॉलच्या जोडीला ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा तीन-तीन गोळ्या दीर्घकाळ ठेवायच्या नसतात. ॲस्पिरिन साधारण पहिल्या आठवड्यातच काढून घेतात. घरी जाताना चिठ्ठीवर तिन्ही दिसल्या तर 'ॲस्पिरिन कधीपर्यंत?' हे तिथेच विचारायचं.

मांडीतून झालंच, तर दिवस कसा जातो ते मावशींना आधी सांगून ठेवा. नळी काढल्यावर कुणीतरी पंधरा-वीस मिनिटं जोर लावून जागा दाबून धरतं. मग काही तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं. शिंक, खोकला, हसू आलं तर तळव्याने ती जागा दाबून धरायची. मी शिकत होतो तेव्हाची एक रात्र विसरत नाही. इस्पितळाचं नाव नको. गावाकडचे एक आजोबा, अँजिओग्राफी करून आणलेले. बेडपॅनवर होईना, आणि ते सांगायला लाज वाटली म्हणून पहाटे कुणाला न उठवता स्वतःच उठून संडासात जाऊन उकिडवे बसले. खुर्चीचं कमोड हवं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही नाही. धोतर लाल झालं तेव्हा शेजारच्या पेशंटच्या बायकोने आरडाओरडा केला. मी अर्धा तास मूठ रोवून उभा होतो. आजोबा वाचले. तेव्हापासून मी पेशंटला हृदयाचं नंतर सांगतो, संडासाचं आधी सांगतो. दोन-तीन दिवस भारतीय पद्धतीच्या संडासात बसायचं नाही, पाण्याची बादली उचलायची नाही, जिने शक्यतो टाळायचे.

घरी आल्यावर मांडीतून रक्त आलंच तर कापसावर कापूस रचू नका. तो भिजत राहतो आणि आपल्याला वाटतं आपण काहीतरी करतोय. त्यांना आडवं करा, जखमेच्या किंचित वर तीन बोटं रोवा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं दाबून धरा. दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. जागेवर धडधडणारा गोळा लागला, किंवा बाहेर काही नसताना कंबर-पाठ दुखून घाम सुटला तरी तसंच.

मनगटातून झालं तर हवा भरलेला पट्टा बांधतात आणि हवा टप्प्याटप्प्याने सोडतात. तो घट्ट लागतो म्हणून स्वतः सैल करू नका. बोटं गार पडली, निळी पडली किंवा बधिर झाली तर नर्सला हाक मारा. त्या हाताने दोन-तीन दिवस कपडे पिळणं, गाईची धार काढणं, भाकरी थापणं नको. मावशी ऐकणार नाहीत, माहीत आहे. तिथे पीठ मळायला दुसरं कुणी आहे का, ते आधीच बघून ठेवा.

अण्णांचं हिमोग्लोबिन तीन आठवड्यांनी पुन्हा करा आणि मला कळवा. ११ च्या पुढे गेलं असेल तर दाढेचं बोलू. आणि हो, मावशी मिश्री लावतात का? लावत असतील तर त्यांच्या हिरड्यांबद्दलचं पत्र मला वेगळं येणारच आहे, ते त्यांच्याच हातून येऊ द्या. मनगट तोवर बरं झालेलं असेल.